मदत हवी आहे : घाबरून विकल्यानंतर बाजारात परतावे कसे?

23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स 3,935 अंकांनी कोसळला. सकाळीच लोअर सर्किट (निर्देशांक ठरावीक टक्क्यांनी घसरल्यावर लागणारा थांबा) लागून व्यवहार 45 मिनिटे थांबले होते, आणि तेवढ्या वेळात माझ्या निवृत्त वडिलांनी वहीत तोट्याचा आकडा तीनदा लिहून खोडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडातील सर्व युनिट्स विकली व एसआयपीही (फंडातील नियमित हप्त्याची गुंतवणूक) बंद केली. (मीही अडवले नाही, हे कबूल करतो.) जानेवारी 2021 मध्ये सेन्सेक्सने 50,000 चा टप्पा ओलांडला, तरी ती रक्कम आजही मुदत ठेवीतच पडून आहे.

अशा प्रसंगातून गेलेल्या सभासदांनी कृपया सांगावे की, परतताना आपण रक्कम एकदम गुंतवली, की लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांच्या कमी जोखमीच्या फंडात) ठेवून एसटीपीने (एका फंडातून दुसऱ्यात हप्त्यांनी रक्कम हलवण्याच्या सोयीने) थोडी थोडी इक्विटीत वळवली, आणि बहात्तराव्या वर्षी इक्विटीत कितपत हिस्सा ठेवणे झेपते?