मदत हवी आहे: हातातल्या ‘बाई’ला स्टुडिओबाहेर कसं थांबवायचं?

नमस्कार मंडळी,

ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) आणि मग जी.डी. आर्ट (कलेतली सरकारी पदविका) केलं. गेली 11 वर्षं पुण्यात एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. संध्याकाळी घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे (सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षांचे) क्लास. (क्लासचे पैसे पगारापेक्षा जास्त येतात, पण ते असो.) रात्री नऊनंतर आणि रविवारी माझी स्वतःची चित्रं, मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनासाठी कधीतरी अर्ज टाकला होता, विसरूनही गेले होते. आता तारीख आलीये. पुढच्या डिसेंबरातला एक आठवडा, मंगळवार ते सोमवार. हातात 14 महिने. वीसेक तैलचित्रं हवीत, धड झालीत सात. विषय माहेरचा, वाळव्याकडचा: तोडणीनंतर पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलेले उसाचे फड.

वेळ पुरत नाही ही रड सगळ्यांचीच, ती नको. माझं दुखणं वेगळंच आहे.

गेल्या रविवारी चार बाय तीन फुटी कॅनव्हास घेतला होता. जळालेल्या सऱ्या, वर राख, मधेच उसाच्या एका बुडख्याला फुटलेला हिरवा कोंब. मस्त तंद्री लागली होती. दोन तासांनी मागे सरकून पाहिलं तर प्रत्येक बुडख्याला डावीकडून उजेड आणि उजवीकडे नीटस सावली! अहो, रानात भर दुपार आहे, ऊन डोक्यावर. हा डावीकडचा उजेड आला कुठून? वर्गातून. स्थिरचित्राच्या तासाला रोज सांगते ना, “उजेड कुठून येतोय ते आधी ठरवा.” मागचा भागही फिकट केलेला, वस्तू उठून दिसावी म्हणून. इंटरमिजिएटला ए ग्रेड नक्की होती, त्यावर मिळणारे दहावीचे सात जादा गुण खिशात. सगळं खरवडून काढलं.

दोन्ही केलेल्यांना विचारायचंय: शिकवण्याचा हात आणि चित्राचा हात वेगळे राहतात का? की वर्षभर क्लास बंद ठेवू? नवरा म्हणतो शाळा सोड, क्लास ठेव. मला उलट वाटतं. शाळेत निदान पहिलीची पोरं आहेत, ती अजून बिनधास्त जांभळा हत्ती काढतात.

प्रतिसाद 1
ताई, मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो, आता निवृत्त. तुम्ही मुलांच्या कागदावर पेन्सिल चालवता का? मी चालवायचो. दिवसाला चाळीस चित्रं ‘सुधारून’ द्यायचो आणि रात्री स्वतःचंही तसंच सुधारत बसायचो. कागदाला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. मला ही अक्कल फार उशिरा आली. क्लास लगेच बंद करू नका, भाडं कोण भरणार?

प्रतिसाद 2
शिकवण्याने हात मरतो हे पटत नाही. चित्रकार शंकर पळशीकर जेजेत (मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये) शिकवत होते. त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते यांनीही 1972 ते 1994 तिथेच शिकवलं आणि काम केलं ते अमूर्तात. अर्थात कॉलेजातलं शिकवणं वेगळं आणि ग्रेडचे क्लास वेगळे, हे मान्य. ग्रेडच्या क्लासात एकच उत्तर बरोबर असतं.

प्रतिसाद 3
मूळ प्रश्नावर पास. पण जळकी रानं म्हणजे काळा भरपूर लागणार. आयव्हरी ब्लॅक तेलात फार सावकाश सुकतो. त्याऐवजी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून काळा करा. अंबर लवकर सुकतो, शिवाय काळा ऊबदार हवा की थंड, ते तुमच्या हातात राहतं. जाड थरांची चित्रं आधी उरका. पक्कं व्हार्निश जाड थराला सहा महिने तरी लावू नये, शेवटच्या चित्रांना रिटचिंग व्हार्निशवर (पातळ, तात्पुरत्या व्हार्निशवर) भागवा. नाहीतर मुंबईला नेताना टेम्पोत एकमेकांना चिकटतील. अनुभव आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. मास्तर, नेम अगदी बरोबर बसला. काल मोजलं, दीड तासाच्या क्लासात मी 17 वेळा मुलांच्या हातातून पेन्सिल घेतली. आज ठरवून हात मागे बांधून फिरले. अर्ध्या तासाने एक मुलगी विचारते, “बाई, तुमचा हात दुखतोय का?”