अनुभव धागा: कॉलेजचे सामने, निकालाच्या चार ओळी आणि त्यामागची उस्तवार

पाटीवरचा:
कपाटाच्या कप्प्यातला पेपर आज बदलला. तळाशी आंतरमहाविद्यालयीन खो-खोचा निकाल निघाला: '१५-११ (१५-५, ०-६), एक डाव ४ गुणांनी'. घरात लगेच प्रश्न, "एक डाव? हे क्रिकेट आहे का?" म्हणून हा धागा.

कंसातली पहिली जोडी पहिल्या डावाची. एका संघानं १५ गडी टिपले, दुसऱ्यानं ५. एवढी मोठी पिछाडी म्हणजे फॉलोऑन, पुन्हा आक्रमण त्याच मागे पडलेल्या संघाचं. त्यात ६ मिळाले, एकूण ११, तरी १५ गाठले नाहीत. म्हणजे त्या शून्याचा अर्थ 'एकही गडी मिळाला नाही' असा नाही. जिंकणाऱ्यांना दुसऱ्यांदा आक्रमणाला उतरावंच लागलं नाही. एवढा सामना कंसात मावतो.

मैदान आखणं, गुणपत्रक, बातमी, कात्रणं, ज्याला जे येतं ते लिहा. 'आम्ही कसं लोळवलं' यासाठी वेगळा धागा काढा प्लीज.

रेषेबाहेर:
खो-खोच्या बातमीत सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. '१.४० व १.५० मि. संरक्षण' म्हणजे एकाच गड्याचे दोन डावांतले १ मिनिट ४० सेकंद आणि १ मिनिट ५० सेकंद. बेरीज ३.३० येते. डेस्कवरचा नवा पोरगा दशांश समजून २.९० छापून मोकळा होतो. टिंबाऐवजी विसर्गासारखी दोन टिंबं द्या, निम्मी भानगड मिटेल.

दुसरं, एका तुकडीतल्या तिघांच्या वेळा एकमेकांत मिळवायच्या नाहीत. तिघं एकाच वेळी मैदानात असतात. तुकडी किती टिकली हे शेवटच्या गड्याच्या वेळेवरून कळतं. आणि पाळी संपली तेव्हा जो बाद नव्हता त्याच्यापुढे 'नाबाद' लिहाच, नाहीतर ९ मिनिटांच्या पाळीचा हिशेब वाचणाऱ्याला लागत नाही.

मोगरा_७:
वाखूसा (वाचनखूण साठवली)! (कुकर लावून आले, सविस्तर नंतर)

फक्कीवाला:
बातमी नंतर, आधी ग्राऊंड काटकोनात आखा राव. डोळ्यांनी आखलं की एक कोपरा हमखास तिरका जातो आणि ते चौथ्या बाजूला पोचल्यावर कळतं, तोवर तीन बाजूंना फक्की (आखायची पांढरी भुकटी) पडलेली असते.

कर्ण मोजा. कबड्डी पुरुष १३ × १० मी., कर्ण १६.४० मी. महिला १२ × ८, कर्ण १४.४२. खो-खो २७ × १६, कर्ण ३१.३८. आधी चार खुंट्या ठोका, दोन्ही कर्ण ताडून बघा, दोन-तीन सेंटिमीटरचा फरक आला तर खुंट्या सरकवा, मग सुतळी ताणा आणि शेवटी फक्की. टेप कापडी असेल तर ओढला की लांबतो, त्यामुळे सगळी मापं त्याच टेपनं आणि सारख्याच ताणानं घ्या.

कबड्डीत रेषा मैदानातच धरतात, जाडी ३ ते ५ सेंमी. म्हणून माप बाहेरच्या कडेला घ्यायचं.

आणि कळीचा चुना अजिबात नको! घाम लागला की कातडी भाजते, डोळ्यात गेला तर थेट दवाखाना.

चहाबाज:
फक्कीवाले काका, १६.४० तोंडपाठ म्हणजे कमाल आहे. आम्हाला घरचा मोबाईल नंबर आठवत नाही.

फक्कीवाला:
पायथागोरसची कृपा. शाळेत त्यानं रडवलं होतं, इथे कामाला आला.

लोण_दोन:
कबड्डीचे गुण पेपरात चुकतात ते एकाच ठिकाणी. समजा चढाई करणाऱ्यानं समोरचा शेवटचा गडी टिपला. गड्याचा १ अधिक लोणाचे (अख्खा संघ बाद केल्याचे) २, म्हणजे ३. लोक नुसते २ धरतात. उलट बाजूनं बघा. संघात एकच गडी उरलाय, तोच चढाईला गेला आणि पकडला गेला. पकडणाऱ्यांना १ + २ = ३. पण पकडणारे तीन किंवा कमी असतील तर अव्वल पकड, म्हणजे आणखी १, एकूण ४. गुणलेखकानं त्या क्षणी दोन्ही बाजूंचे गडी मोजले नसतील तर नंतर भांडत बसा.

बोनससाठीही (चढाईत बोनस रेषा ओलांडल्याचा गुण) हेच, मैदानात सहा किंवा जास्त बचावपटू हवेत. गुणपत्रकात बोनस वेगळ्या खुणेनं मांडा, चढाईच्या गुणात मिसळलात की मध्यंतराला ताळा बसत नाही.

बातमीत मध्यंतराचा गुणफलक हवाच. नुसतं ३४-३१ छापलं तर शेवटच्या पाच मिनिटांत काय झालं ते कसं कळणार?

जर्सीकर_एडिसन:
थोडं अवांतर. इथे अमेरिकेत न्यू जर्सीत, जवळच न्यू ब्रन्सविकला ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत सामना झाला. अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना म्हणून त्याचीच नोंद होते. रटगर्सनं ६-४ जिंकला. एका बाजूला २५ जण! आजच्या फुटबॉलशी साम्य कमी, चेंडू हातात घेऊन पळायला बंदी होती.

इथली बेसबॉलची आकडेवारी मात्र आपल्या स्कोअरबुकाची चुलत बहीण. हेन्री चॅडविक नावाचा मूळचा इंग्रज पत्रकार, आधी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा. त्यानंच बेसबॉलचा तक्ता रुळवला.

निर्धाव:
बरं झालं स्कोअरबुक निघालं. डाव संपल्यावर ताळा असा करा. फलंदाजांच्या धावा समजा १८७. अवांतर २१, त्यात बाइज ६, लेगबाइज ५, वाइड ८, नोबॉल २. एकूण २०८. गोलंदाजांच्या पृथक्करणाची बेरीज २०८ येता कामा नये! बाइज आणि लेगबाइज गोलंदाजाच्या माथी मारत नाहीत, म्हणून २०८ वजा ११, म्हणजे १९७.

जमत नसेल तर आधी नोबॉल तपासा. नोबॉलवर चौकार मारला तर फलंदाजाला ४, अवांतरात १, गोलंदाजाच्या नावावर ५. तो चेंडू फलंदाजानं खेळलेल्या चेंडूंत धरतात, वाइड धरत नाहीत. मग लेगबाइज बघा, पंचांचा हात उचललेल्या गुडघ्यावर जाईपर्यंत लेखनिकानं चौकार लिहून टाकलेला असतो. दोन लेखनिक असतील तर दर षटकाला एकमेकांना धावसंख्या मोठ्यानं सांगा. चाळीस षटकांनी सापडलेली चूक सापडली काय नि न सापडली काय.

मोगरा_७:
आले. पुण्याचं कोणी स. प. महाविद्यालयाचं नाव काढलं नाही अजून? प्रा. दि. ब. देवधर तिथे संस्कृत शिकवायचे. १९२६ मध्ये इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा, आणि १९४४ मध्ये पन्नाशी उलटल्यावर एकाच रणजी सामन्यात दोन शतकं. शब्दरूपं घोकून घेणारे सर आणि हे!

चहाबाज:
देवः देवौ देवधराः

निर्धाव:
@चहाबाज हहपुवा (हसून हसून पुरेवाट) 😄

विद्यापीठ क्रिकेट म्हटलं की रोहिंटन बारिया करंडक. १९३५-३६ पासून. सुरुवातीला लाहोरचं पंजाब विद्यापीठ जोरात होतं, पुढे मुंबईनं सर्वात जास्त वेळा जिंकला. गावसकर झेवियर्सचे, ते याच वाटेनं आले. जुनी कात्रणं चाळताना एक लक्षात ठेवा, निकालात कॉलेजचं नाव असेल तर तो आंतरमहाविद्यालयीन, विद्यापीठाचं असेल तर त्यापुढचा टप्पा.

बातमीदार_भाऊ:
आता मजकुराचं. पहिल्या वाक्यात कोण, कुणाला, कितीनं, कोणत्या स्पर्धेच्या कोणत्या फेरीत. उद्घाटनाला कोण कोण होते ते शेवटी. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, निकाल तळाशी ठेवलात तर पाहुणे छापून येतील आणि विजेते गायब.

नावं गुणपत्रकावरून उतरवा, जर्सीवरून नाही. एका संघात तीन पाटील असतातच, आद्याक्षर घ्या. आणि 'दणदणीत', 'धुव्वा', 'एकतर्फी' हे शब्द दोन गुणांच्या विजयाला वापरू नका, आकडा शेजारीच असतो, वाचणारा हसतो.

मराठी दैनिकांत खेळाला हक्काचं पान मिळवून देण्यात वि. वि. करमरकर यांचा वाटा फार मोठा. रेडिओवर बाळ पंडितांनी मराठी धावतं समालोचन लोकांच्या तोंडी बसवलं. 'निर्धाव षटक' आपण सहज लिहितो, तेही कुणीतरी घडवून कानांवर घातलेलंच.

लोण_दोन:
मग सिली पॉइंटला काय म्हणायचं? खुळा कोपरा?

चहाबाज:
वेडा बिंदू. 🙏

पाटीवरचा:
धागा भरकटतोय पण मजा येतेय, चालू द्या. ते कात्रण पिवळं पडून कडा तुटायला लागल्यात. लॅमिनेशन करू का?

जुनी_रद्दी:
नको नको! वृत्तपत्राचा कागद आधीच आम्लाचा, गरम प्लॅस्टिकमध्ये कोंडला की परत सुटा होत नाही. सेलोटेप तर शत्रूच, वर्षं गेली की टेप निघून येते आणि तपकिरी डाग राहतो. आधी सावलीत, फ्लॅश न वापरता सरळ वरून फोटो काढा. मग चांगल्या कागदावर झेरॉक्स, मूळ तुकडा दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा. पेपरचं नाव आणि तारीख पेन्सिलीनं झेरॉक्सवर लिहा, कात्रणावर नको. तारीख नसलेलं कात्रण म्हणजे अर्धं कात्रण.

मुलांसाठी एक: महाराष्ट्रात सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाला कात्रण चालत नाही. स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणीच लागते. त्यावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळतंय ना ते बक्षीस समारंभातच बघा. नंतर दुरुस्तीला हेलपाटे.

सातवी_क:
३१.३८ लिहून घेतलं. उद्या सकाळी सहाला ग्राऊंड आखायचंय, काकांना एक शंका: दव असतं तेव्हा फक्की टिकते का?

फक्कीवाला:
गोळे होतात, रेष तुटक पडते. सहाला खुंट्या आणि सुतळी उरकून घ्या, फक्की साडेसातनंतर. आणि सुतळी काढल्याशिवाय पोरांना आत सोडू नका, कुणीतरी अडकून पडतंच.