पुतणीचा डोळा काढण्यास सांगितले आहे, घरचे वडीलधारे तयार नाहीत

प्रश्न (खानापूर तालुका)

माझ्या धाकट्या भावाची मुलगी अडीच वर्षांची आहे. लग्नघरी फ्लॅश लावून काढलेल्या फोटोंमध्ये तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसली. बेळगावच्या नेत्रतज्ज्ञांनी लगेच बंगळूरला पाठवले आणि तेथे भूल देऊन केलेल्या तपासणीत व एमआरआयमध्ये रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा, लहान मुलांना होणारा कर्करोग), गट ई, असे निदान झाले. डावा डोळा निरोगी आहे. उजवा मात्र काढावाच लागेल, असे डॉक्टर सांगतात. भाऊ-वहिनी तयार आहेत. परंतु तुकडा काढून तपासलाच नाही तर कर्करोग कशावरून, असे आमचे आप्पा विचारतात आणि मुलीची जात आहे म्हणून आई दोन-तीन महिने गावठी औषध करून पाहू म्हणते. त्यांना काय सांगावे?

उत्तर १ (निपाणी)

दादा, माझ्या मुलाला हाच आजार झाला होता, म्हणून कळकळीने लिहिते. या आजारात सुईने तुकडा घेत नाहीत, कारण त्या छिद्रातून गाठीच्या पेशी डोळ्याबाहेर पसरण्याची भीती असते. निदान तपासणी आणि सोनोग्राफी, एमआरआय यांवरूनच होते. आप्पांना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या, घरातल्या माणसाने सांगितलेले त्यांना पटणार नाही.

गट ई म्हणजे डोळ्याची हानी सर्वांत पुढे गेलेली असते आणि त्या डोळ्याला उपयोगी दृष्टी परत येण्याची आशा फारच थोडी असते. गाठ डोळ्यातच असेपर्यंत उपचार झाले, तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. तीच दृष्टीच्या शिरेतून मेंदूकडे सरकली, की हातचे बरेच काही निसटते. म्हणून ते दोन-तीन महिने देऊ नका. काढलेला डोळा पॅथॉलॉजीला जातो आणि शिरेत किंवा आतल्या थरांत गाठ शिरलेली आढळली, तरच पुढे केमो देतात.

आईंची काळजी मला समजते. शस्त्रक्रियेतच काढलेल्या डोळ्याच्या जागी आत कृत्रिम गोळा बसवतात आणि साधारण सहा आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याशी रंग जुळवून कृत्रिम डोळा देतात. माझा मुलगा आज शाळेत जातो, क्रिकेट खेळतो; उरलेल्या डोळ्याच्या रक्षणासाठी न फुटणाऱ्या काचांचा चष्मा मात्र तो कायम लावतो.

उत्तर २ (बेळगाव, परिचारिका)

खर्चाविषयी आपण लिहिले नाही, तरी सांगते. बीपीएल रेशनकार्ड असल्यास आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेसाठी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र दाखल होण्याआधीच घ्यावे. रेल्वेत कर्करुग्णाला व सोबत्याला भाड्यात सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाकडून दाखला मागून घ्या.

आणखी एक, मुलीला सख्खे भावंड आहे का?

प्रश्नकर्ता

होय ताई, चार महिन्यांचा भाऊ आहे. त्याला काही त्रास दिसत नाही.

उत्तर २

त्रास दिसेपर्यंत थांबू नका. हा आजार आरबी१ या जनुकातील दोषामुळे होतो. एकाच डोळ्यात असला तरी सुमारे १५ टक्के मुलांमध्ये तो दोष जन्मजात असतो, आणि तसे असल्यास तो भावंडातही असू शकतो. मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी जाल तेव्हा बाळालाही सोबत न्या, त्याचा पडदा तपासून घ्या आणि जनुकीय चाचणीविषयी विचारा. भाऊ-वहिनींचे डोळेही त्याच वेळी पाहून होतील.