‘सायटेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (म्हापसा) : राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या पुरवणीसाठी मी एका संशोधिकेचा परिचय लिहीत आहे. मिठागरांत वाढणाऱ्या लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या जनुकांवर त्यांचे काम आहे. मूळ इंग्रजी परिचयात शोधनिबंधांची संख्या, सायटेशन (इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत त्यांच्या निबंधांचे केलेले उल्लेख), एच-इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टर असे चार आकडे ओळीने दिले आहेत. माझ्या मसुद्यातील वाक्य असे आहे : ‘आण्विक जीवशास्त्रातील त्यांच्या निबंधांची शेकडो अवतरणे झाली असून त्यांचा प्रभावांक उच्च आहे.’ जाणकारांनी कृपया तपासून द्यावे.

उत्तर (ताळगाव) : पहिली दुरुस्ती ‘आण्विक’ या शब्दाची. हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्यूल आणि परमाणु म्हणजे ॲटम. मराठीत मात्र ॲटमला अणू आणि मॉलिक्यूलला रेणू म्हणतात. त्यामुळे मराठी वाचकाला ‘आण्विक’ म्हटल्यावर कैगाची अणुभट्टी आठवते, डीएनए नव्हे. आपल्याला ‘रेणवीय जीवशास्त्र’ हवे आहे.

आता सायटेशन. अवतरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत देणे, आणि जीवशास्त्राच्या निबंधांत ते जवळजवळ कधीच होत नाही. तिथे लेखक आपल्या शब्दांत विधान करतो, पुढे कंसात आधीच्या निबंधाचा क्रमांक किंवा लेखकाचे नाव आणि वर्ष देतो, व त्या निबंधाचा पूर्ण तपशील शेवटच्या संदर्भसूचीत येतो. ‘उद्धरण’ला हाच दोष लागतो, शिवाय आपल्याकडे ‘उद्धार करणे’ म्हणजे काय हे ज्याला सात पिढ्यांसकट अनुभवावे लागले आहे, तो तो शब्द गौरवलेखात वापरणार नाही. ‘दाखला देणे’ हे क्रियापद मला मनापासून आवडते, कारण आधार म्हणून कोणाचे तरी नाव पुढे करणे हा अर्थ त्यात नेमका आहे. परंतु ‘त्यांना शेकडो दाखले मिळाले’ असे छापले, तर वाचकाला मामलेदार कचेरीतली रांग दिसेल. म्हणून नाम म्हणून ‘संदर्भोल्लेख’, आणि आकडा देताना ‘उल्लेखसंख्या’ वापरावी, असे मी सुचवीन.

उत्तर (फोंडा) : ताळगावच्या बाईंशी सहमत. मात्र त्या वाक्यातील खरी चूक भाषेपेक्षा आशयाची आहे. प्रभावांक, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, व्यक्तीचा नसतो, नियतकालिकाचा असतो. मागील दोन वर्षांत त्या नियतकालिकाने छापलेल्या मजकुराला चालू वर्षी मिळालेले उल्लेख, भागिले त्या दोन वर्षांतील निबंधांची संख्या, असा तो काढतात. विज्ञानातील उल्लेखांची सूची सुरू करणारे युजीन गारफील्ड यांच्या या मोजमापाचा एक उपयोग ग्रंथालयांना नियतकालिके निवडण्यासाठी होता. माणसे निवडण्यासाठी ते वापरू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे.

‘प्रभाव’ हा शब्दही मी जपून वापरीन. ओलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरील १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उल्लेखला गेला आहे, तर वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३ चा निबंध ‘नेचर’ने २०१४ मध्ये तयार केलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीतही नव्हता. प्रयोगशाळेत प्रथिन मोजणाऱ्याने लाउरींचे नाव द्यायचे, हा शिरस्ता होता. डीएनएचे दुहेरी सर्पिल मात्र पाठ्यपुस्तकात गेले आणि नाव देण्याची गरजच उरली नाही. त्यामुळे उल्लेखसंख्या द्यावी, आणि प्रभाव कोणता ते वेगळ्या वाक्यात सांगावे : त्यांनी शोधलेले कोणते जनुक वा कोणती पद्धत इतरांनी वापरली?

प्रश्न (म्हापसा) : आभारी आहे. एच-इंडेक्सचे काय करावे? आणि काही निबंधांत त्यांचे नाव अगदी शेवटी आहे. त्यांचा वाटा कमी होता, असे समजायचे का?

उत्तर (ताळगाव) : नाही, बहुधा उलटच. या क्षेत्रातील रिवाजानुसार बाकावर बसून प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव सर्वांत आधी येते, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे सर्वांत शेवटी. मराठी वाचक ‘प्रमुख’ नाव पहिल्या जागी शोधतो, म्हणून हे एका वाक्यात सांगून टाकावे.

‘एच-निर्देशांक’ तसाच ठेवावा. त्यातले ‘एच’ भाषांतरित करण्याचा हट्ट नको. भौतिकशास्त्रज्ञ हॉर्खे हिर्श यांनी २००५ मध्ये तो मांडला. निर्देशांक २० म्हणजे किमान वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले. तो वयाबरोबर वाढतो, कमी होत नाही. त्यामुळे नवख्या आणि निवृत्त संशोधकांची तुलना त्यावरून करू नये.

आकड्यांसोबत ते कोठून आणि कोणत्या तारखेला घेतले, तेही छापावे. गूगल स्कॉलर प्रबंध आणि परिषदांतील लेखही मोजते, म्हणून तिथला आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा असतो, आणि पुरवणी निघाल्यावर कोणीतरी दोन्ही ताडून पाहणारच.