उत्तर: सिक्सपेन्स नन द रिचर का थांबला?

सिक्सपेन्स नन द रिचर या अमेरिकी बँडचं ‘किस मी’ हे गाणं हिट झालं, बँड बाजारू झाला आणि फुटला, असं म्हणतात; ते मत मला पटत नाही. त्यांचं घोडं दर वेळी रेकॉर्ड कंपनीपाशीच अडलं.

गिटारवादक आणि गीतकार मॅट स्लोकम आणि गायिका ली नॅश टेक्सासमधल्या न्यू ब्रॉनफेल्सचे. पहिले दोन अल्बम (१९९४, १९९५) आर.ई.एक्स. या छोट्या ख्रिस्ती लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर) आले आणि ते लेबलच दिवाळखोरीत गेलं. तिसरा १९९७ साली संगीतकार स्टीव्ह टेलरच्या स्क्विंट या कंपनीने काढला. ‘किस मी’ त्यातलंच, पण बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं १९९९ मध्ये!

बाजारू म्हणण्याआधी ते गिटारवर वाजवून बघा. कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर, कॉर्डचे आकार सी, सी मेजर सेव्हन, सी सेव्हन, परत सी मेजर सेव्हन. बाकी कॉर्ड जागच्या जागी, एकच सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरतो आणि चढतो. स्लोकमची सगळी कारागिरी त्यात आहे.

लोखंड तापलेलं असताना पुढचा अल्बम यायला हवा होता. पण स्क्विंट अडचणीत आली, ‘डिव्हाइन डिस्कंटेंट’ रखडला आणि थेट २००२ मध्ये निघाला. तोवर रेडिओ पुढे गेला होता. २००४ मध्ये ते थांबले, काही वर्षांनी पुन्हा एकत्र आले.

दाट गिटार आवडत असेल तर १९९५चा ‘धिस ब्युटिफुल मेस’ आधी ऐका.