केमो आणि कोल्ड कॅप (केस वाचवणारी गार टोपी): एसी हे केमोचं औषध चालू असताना उपयोग होतो का? टोपी बसवताना काय पाहायचं?

प्रश्न
स्तनाच्या कर्करोगासाठी एसीचे (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड) ४ डोस आणि त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, असे १२ डोस ठरले आहेत. रुग्णालयाच्या डे-केअरला केमोने केस गळू नयेत म्हणून गार टोपीने डोकं थंड ठेवायचं यंत्र आहे. एसीला त्याचा फारसा उपयोग नाही असं ऐकलं. मग थेट पॅक्लिटॅक्सेलपासून टोपी वापरली तर? केस लांब आणि दाट आहेत, ते कापावे लागतील का? आणि टोपी नीट बसली की नाही हे बसल्या जागी कसं कळणार?

उत्तर १
वापरायची तर पहिल्या डोसापासून. एसीनंतर केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. पॅक्लिटॅक्सेलची पाळी येईपर्यंत वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

थंडीने डोक्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. शिवाय गार पेशींचं कामकाजही मंदावतं, त्यामुळे पोचलेलं औषध कमी शोषलं जातं. त्वचेचं तापमान साधारण २२ अंशांच्या खाली जायला हवं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष आले. एकात टॅक्सेन (पॅक्लिटॅक्सेलचा गट) आणि अँथ्रासायक्लिन अशा दोन्ही प्रकारची औषधं होती. टोपी घातलेल्या ९५ जणींपैकी ४८ जणींचे केस टिकले, टोपी नसलेल्या ४७ पैकी एकीचेही नाहीत. दुसऱ्यात अँथ्रासायक्लिन नव्हतं. तिथे १०१ पैकी ६७. एसीतलं डॉक्सोरुबिसिन अँथ्रासायक्लिनच, म्हणून तुमचा पहिला टप्पाच अवघड आहे. आणि ‘टिकले’ म्हणजे निम्म्याहून कमी गळले, एवढंच. विंचरताना पुंजके हातात आले म्हणून लगेच टोपी सोडून देऊ नका, पण विग लागणारच नाही असंही धरून चालू नका. भुवया आणि पापण्या या थंडीच्या कक्षेत येत नाहीत, त्या जाऊ शकतात.

उत्तर २
टोपी बसवण्याबद्दल लिहितो, कारण बहुतेक वेळा घोळ तिथेच होतो. यंत्राच्या पडद्यावर आकडा बरोबर दिसतो, पण तो टोपीत फिरणाऱ्या द्रवाचा. टोपी आणि त्वचेमध्ये हवा अडकली असेल तर तेवढी जागा गार होत नाही, आणि नेमका तिथेच केस गळून चट्टा पडतो. बहुतेकदा माथ्यावर.

केस कापायची गरज नाही. मात्र दाट केस स्वतःच थंडी अडवतात, म्हणून ते माथ्यावर गोळा न करता मागे सपाट वळवायचे. अंबाडा, क्लिप, घट्ट वेणी नको. डोक्याला तेल किंवा जेल लावून जाऊ नका. पाण्याचा फवारा मारून केस मुळापर्यंत ओलसर करा, थोडं कंडिशनर बोटांनी पसरवा. निथळतील इतके भिजवले तर गारठा उगीच वाढतो.

टोपी घातल्यावर माथ्यावर बोटांनी दाबून पाहा. खाली पोकळ लागलं तर लहान माप मागा. दोन मापांमध्ये असाल तर बहुधा लहानच बरोबर ठरतं. कपाळावर केसांच्या रेषेलगत आणि कानांवर कापसाची पट्टी ठेवा, पण ती केसांवर चढू देऊ नका. मग वरचं आवरण आणि हनुवटीचा पट्टा घट्ट. पट्टा सैल सोडला की टोपी तासाभरात वर सरकते.

औषधाआधी ३० ते ४५ मिनिटं, औषध चालू असताना सलग, आणि नंतरही टोपी डोक्यावरच. नंतरचा वेळ औषधावर ठरतो: डोसेटॅक्सेलला (पॅक्लिटॅक्सेलच्याच गटातलं औषध) २० मिनिटं पुरतात, एसीला दीड तास किंवा त्याहूनही जास्त लागतो. बाथरूमला जाताना नळी सुटी करता येते, पण लगेच परत या. शेवटी यंत्र बंद झाल्यावर ५-१० मिनिटं थांबून मगच टोपी काढा. गोठलेले केस आतून चिकटलेले असतात, ओढलं की तुटतात.

उत्तर ३
वरचं सगळं करण्याआधी एक गोष्ट डॉक्टरांशी बोला. ल्युकेमिया किंवा लिम्फोमा (रक्ताचे कर्करोग), कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन किंवा क्रायोग्लोब्युलिन (थंडीत त्रास देणारी रक्तातली प्रथिनं), थंडीने अंगावर पित्त उठणं, डोक्याच्या त्वचेत पसरलेला कर्करोग, मेंदूला रेडिएशन ठरलेलं असणं, यांपैकी काही असेल तर टोपी घालू नये.

पहिली १०-१५ मिनिटं सर्वांत त्रासाची. कपाळ ठणकतं, कधी मळमळतं. मग त्वचा बधिर होते. अर्धा तास आधी पॅरासिटामॉल घेऊ का, हे विचारून घ्या. पांघरूण न्याच.

प्रश्नकर्ती
आभार. मधल्या आठवड्यांत केस धुवायचे की नाही? गळतील म्हणून हात लावायचीच भीती वाटते.

उत्तर २
धुवा, आठवड्यातून एक-दोनदा, कोमट पाण्याने आणि सौम्य, सल्फेट नसलेल्या शाम्पूने. न धुतल्याने गळती थांबत नाही. गळालेले केस उभ्या केसांत अडकतात, त्यांची जट होते आणि ती सोडवताना चांगलेही उपटले जातात. रोज रुंद दातांच्या फणीने टोकांकडून मुळांकडे, हलक्या हाताने गुंता काढा. ड्रायर, रंग आणि घट्ट बांधणं उपचार संपेपर्यंत बंद.