अनुभव धागा : सेवा क्लबचा उपक्रम पार पडल्यानंतर काय उरले?

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली चौदा वर्षे रोटरी क्लबचा सभासद आहे आणि त्यांपैकी दोन वर्षे सचिव होतो. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. पदग्रहण समारंभात नवे अध्यक्ष नव्या उमेदीने उभे राहतात आणि नवा उपक्रम जाहीर करतात. मागच्या वर्षीचे काम मात्र बहुधा अहवालाच्या पानावरच थांबते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये पॉल हॅरिस यांनी तिघा परिचितांना एकत्र आणले, तेव्हा सभा आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात भरत असे आणि त्या फिरत्या पाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. पाळी बदलण्याची रीत म्हणजे पहिल्या दिवसापासूनची आहे आणि ती चांगलीही आहे. पाळी बदलली की कामही बदलावे, असे मात्र कोठेही लिहिलेले नाही.

म्हणून रोटरी, लायन्स, इनरव्हील, रोटरॅक्ट (रोटरीचा तरुणांचा क्लब) किंवा गावातल्या कोणत्याही सेवा मंडळात ज्यांनी काम केले आहे, तसेच ज्यांच्यासाठी हे काम झाले आहे, त्या सर्वांना विनंती आहे की आपण स्वतः उभे राहून केलेल्या किंवा स्वतः अनुभवलेल्या एकाच उपक्रमाविषयी लिहावे, आणि मांडव उतरल्यानंतर त्याचे पुढे काय झाले हे अवश्य सांगावे.

बीड जिल्ह्यातून, लायन्स क्लबच्या एक कार्यकर्त्या

आमचा क्लब दरवर्षी मोतीबिंदूचे शिबिर घेतो. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन केले, तेव्हापासून डोळ्यांचे काम हे लायन्सचे घरचे काम झाले आहे. शिबिर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रिया येते, पण तो दिवस सर्वांत सोपा असतो, कारण त्या दिवशी सगळी जबाबदारी डॉक्टरांकडे असते. अवघड काम त्याआधी आणि त्यानंतर असते.

पहिली काही वर्षे आम्ही शिबिर डिसेंबरात घेत होतो. हवा थंड असते, पाहुणे मिळतात आणि शाळेचे पटांगणही मोकळे असते. नोंदणी मात्र अपेक्षेच्या निम्मीही होत नसे. कारण कळायला आम्हांला तीन वर्षे लागली, याची मला आजही खंत वाटते. आमच्या भागातील बरीच कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास उसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. डिसेंबरात गावात फक्त म्हातारी माणसे आणि लहान मुले उरतात. म्हाताऱ्या माणसाला रुग्णालयात सोबत नेणारे कोणी नसते आणि नातवंडांना सांभाळणारी तीच असल्यामुळे ती घर सोडून येऊ शकत नाही. आम्ही शिबिर ऑगस्टमध्ये आणले आणि त्या वर्षी पहिल्यांदा बस अपुऱ्या पडल्या.

तपासणीत रक्तदाब आणि रक्तातील साखर पाहतात. साखर वाढलेली आढळली की त्या दिवशी शस्त्रक्रिया होत नाही आणि रुग्ण परत जातो. पूर्वी असे परत गेलेले रुग्ण आमच्या हिशेबातून निघून जात. आता त्यांची वेगळी वही आहे. साखर आटोक्यात आली का, हे विचारायला पंधरा दिवसांनी कोणीतरी त्यांच्या घरी जाते. शस्त्रक्रिया झालेल्यांना दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तपासणीला न्यावे लागते. थेंब महिना-दीड महिना घालायचे असतात, आणि ते वेळेवर घालायला घरात वाचता येणारे माणूस लागते. आमच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुली हे काम करतात. प्रत्येकीकडे आपल्या गल्लीतले दोन आजी-आजोबा असतात.

उपक्रमानंतर काय उरले, असे आपण विचारले आहे. महिन्याच्या तपासणीनंतर मी एका आजींच्या घरी गेले होते. त्यांनी मला चहा दिला नाही, हातात सूप दिले आणि म्हणाल्या, “बघा, खडा राहिलाय का.” चार वर्षांनी त्यांनी स्वतः तांदूळ निवडले होते. खडा एकही नव्हता.

भिवंडीहून, निवृत्त शिक्षिका

वरील ताईंचे लिखाण वाचून मला पल्स पोलिओचे रविवार आठवले. रोटरीने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाचे काम हाती घेतले आणि भारतात १९९५ पासून देशभर लसीकरणाचे दिवस सुरू झाले. आम्ही क्लबतर्फे बूथवर बसत होतो. सरकारी परिचारिका थेंब पाजत आणि आम्ही बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करत असू. बूथवर गर्दी असे, त्यामुळे काम झाले असे वाटे. खरे काम सोमवारपासून असे. खांद्याला लसीचा डबा अडकवून घरोघर जायचे, करंगळी पाहायची, सर्व मुले झालेल्या घराच्या दारावर खडूने ‘पी’ लिहायचे आणि एखादे मूल राहिले असेल तर फुली मारायची. फुलीच्या घरी पुन्हा जायचे.

यंत्रमागाच्या वस्तीत एका दारावर माझ्या हाताने तीन फेऱ्यांत तीन फुल्या पडल्या होत्या. त्या घरच्या आजीचा लसीवर विश्वास नव्हता. चौथ्या वेळी मी डबा घेतलाच नाही. तिच्याजवळ बसून तिच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली आणि निघून आले. पाचव्या वेळी तिनेच नातवाला मांडीवर घेऊन त्याचे तोंड उघडले. देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आपला आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ती बातमी ऐकली त्या संध्याकाळी मला व्यासपीठ आठवले नाही, ते दार आठवले.

नाशिकहून, रोटरॅक्टचा माजी पदाधिकारी

मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, लोक गावी जातात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा होतो. साठवलेले रक्त साधारण ३५ दिवस टिकते आणि प्लेटलेट्स तर पाचच दिवस, त्यामुळे जानेवारीतल्या मोठ्या शिबिराचा मे महिन्यातल्या रुग्णाला उपयोग नसतो. हे समजल्यावर आम्ही वर्षातून एकदा दोनशे पिशव्या जमवण्याऐवजी दर तीन महिन्यांनी लहान शिबिर घेऊ लागलो. आकडा लहान दिसतो म्हणून ज्येष्ठांची नाराजी झाली, पण रक्तपेढीने हीच पद्धत ठेवा असे आवर्जून सांगितले.

मला सांगायचे आहे ते मात्र वेगळेच. रक्तदात्याचे वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. आमच्या शिबिरात उत्साहाने रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी मुली या तपासणीतूनच परत जात. त्यांना एक बिस्किटाचा पुडा देऊन आम्ही निरोप देत होतो. एका शिबिरात आमच्याच वर्गातली एक मुलगी तिसऱ्यांदा परत गेली आणि बाहेर पायरीवर बसून रडली. तिचे हिमोग्लोबिन नऊच्याही खाली होते, आणि तीन शिबिरांत तिला त्याविषयी कोणी काहीच सांगितले नव्हते. ही चूक आमची होती.

त्यानंतर आम्ही नाकारलेल्यांची यादी ठेवू लागलो. एका स्त्रीरोगतज्ज्ञ सभासदांनी त्या मुलींना तपासले. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्याव्यात, एवढी साधी गोष्टही पुष्कळजणींना ठाऊक नव्हती. पुढच्या वर्षी त्या यादीतल्या काही मुलींनी रक्त दिले. पायरीवर बसलेली मुलगी त्यांत होती. माझ्या मते आमच्या क्लबने केलेले सर्वांत मोलाचे काम ती यादी हेच होय, आणि ते कोणत्याही वार्षिक अहवालात आले नाही.

सिंधुदुर्गातून

आमचा अनुभव थोडक्यात लिहितो. पावसाळा सरला की आम्ही ओहोळावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालतो. सकाळी सातला चाळीस माणसे लागली की दुपारच्या जेवणापर्यंत बंधारा उभा राहतो. पहिल्या पावसात तो वाहून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालावा लागतो. एका पाहुण्यांनी विचारले होते की पक्का का बांधत नाही. पक्क्या बंधाऱ्याला निधी लागतो, कंत्राटदार लागतो आणि एकदा तो झाला की त्याकडे कोणी फिरकत नाही. कच्च्या बंधाऱ्यासाठी गाव दरवर्षी एकत्र येते. एप्रिलमध्ये खालच्या वाडीतल्या विहिरींना पाणी असते, हे आम्ही सोळा वर्षे पाहत आहोत.

पुणे जिल्ह्यातून, नाव देऊ इच्छित नाही

सर्वच अनुभव चांगले नसतात, म्हणून हेही लिहिते. मी एका माध्यमिक शाळेत शिकवत असताना एका क्लबने मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून दिले. शिकागोच्या पहिल्या रोटरी क्लबच्या सुरुवातीच्या सार्वजनिक कामांतही स्वच्छतागृह होते, असे उद्घाटनाच्या भाषणात सांगितले गेले आणि ते ऐकून आम्हांला अभिमान वाटला. फरशी सुंदर होती, देणगीदारांची पाटी संगमरवराची होती. पाण्याची टाकी मात्र अंदाजपत्रकात नव्हती. दिवाळीनंतर त्या खोल्यांना कुलूप लागले आणि मुली पुन्हा घरी जाईपर्यंत पाणी न पिता बसू लागल्या. आम्ही क्लबला दोन पत्रे लिहिली. तोवर अध्यक्ष बदलले होते, आणि तो प्रकल्प आमच्या कार्यकाळातील नाही, असे उत्तर आले. शेवटी पालकांनी वर्गणी काढून टाकी बसवली आणि सफाईसाठी एका बाईंना महिन्याचा पगार ठरवला. तेथे आज पाणी आहे. ज्यांना असे प्रकल्प करायचे आहेत त्यांना माझे एवढेच मागणे आहे की भूमिपूजनापूर्वी शाळेतल्या मुलींना आणि सफाई करणाऱ्या बाईंना पाच मिनिटे विचारावे.

अहिल्यानगर जिल्ह्यातून, लाभार्थी

मी क्लबचा सभासद नाही. कडबाकुट्टीत माझा उजवा हात कोपराखाली गेला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. दोन वर्षांनी एका रोटरी शिबिरात मला एलएन-४ नावाचा कृत्रिम हात विनामूल्य मिळाला. तो प्लास्टिकचा आणि हलका आहे, त्याला बॅटरी लागत नाही. कोपराखाली हाताचा काही भाग शिल्लक असेल तरच तो बसतो. दुसऱ्या हाताने बोटे आवळून वस्तू पकडायची आणि काम झाले की सोडवायची.

शिबिरात मला हात बांधून पेला धरायला लावला, फोटो काढला आणि टाळ्या झाल्या. घरी आल्यावर मी तो हात पिशवीत घालून खुंटीला अडकवला, कारण त्याने करायचे काय हे मला सुचत नव्हते आणि तो लावला की लोक जास्तच पाहत. सहा आठवड्यांनी त्या क्लबचे एक काका मोटारसायकलवर आमच्या वस्तीवर आले. त्यांनी पिशवी खुंटीवर पाहिली, पण काही बोलले नाहीत. माझ्याबरोबर गोठ्यात आले, मी कोणती कामे करतो ते विचारले आणि बादलीची कडी, दावे, खुरप्याची मूठ असे एकेक त्या हातात धरून पाहायला सांगितले. खुरपे नीट बसत नव्हते. त्यांनी मूठ मोजून नेली आणि पुढच्या वेळी सुताराकडून जाड मूठ बसवून आणली.

त्या गोष्टीला सात वर्षे झाली. ते काका कधीच अध्यक्ष झाले नाहीत, असे मला नंतर कळले. हाताचा पट्टा झिजतो, तेव्हा मी त्यांना फोन करतो आणि ते नवा पाठवतात. यंदा पट्ट्यासोबत त्यांनी आणखी एका मुलाचा पत्ता पाठवला आहे. त्याचा हात मळणीयंत्रात गेला असून त्याने मिळालेला हात अजून पिशवीतून काढलेला नाही. रविवारी मी खुरपे घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.